पोलीस ठाण्यातील आणि पोलिसांच्या अंगावरील कॅमेऱ्यांचे चित्रीकरण कसे मिळवावे: पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्यांसाठी

दोन वर्षांपूर्वी एका रात्री माझ्या पुतण्याला नाकाबंदीवर अडवण्यात आले. गाडीची कागदपत्रे दाखवताना शब्दाला शब्द वाढला, त्याला पोलीस ठाण्यात नेण्यात आले आणि पहाटे चारच्या सुमारास सोडून देण्यात आले. घरी आला तेव्हा त्याला डाव्या कानाने ऐकू येत नव्हते. अटक दाखवलेली नव्हती, गुन्हा नोंदलेला नव्हता, आणि त्याला ठाण्यात आणल्याची नोंद कोठे केली आहे की नाही, हेही आम्हाला ठाऊक नव्हते. नाकाबंदीवरील एका अंमलदाराच्या छातीवर कॅमेरा होता आणि ठाण्याच्या छतालाही कॅमेरे होते, त्यामुळे पुरावा कोठे जाणार, असे आम्ही गृहीत धरले.

आधी आम्ही गावातील वजनदार माणसांकडे गेलो, मग वरिष्ठांना एक लांबलचक तक्रार अर्ज दिला, आणि चित्रीकरणाची मागणी लेखी केली ती सहाव्या आठवड्यात. उत्तर आले की साठवणक्षमता तीस दिवसांची असल्यामुळे त्या रात्रीच्या चित्रीकरणावर नवे चित्रीकरण चढले आहे. गेल्या वर्षी शेजारच्या एका मुलाच्या बाबतीत असाच प्रसंग आला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी सकाळी अकरा वाजता आम्ही पत्राची पोच घेतली होती, आणि ते चित्रीकरण शिल्लक राहिले. दोन्ही प्रकरणांत ठाणे तेच होते आणि कॅमेरेही तेच होते. म्हणून खाली दिलेल्या पायऱ्यांचा क्रम मी जाणीवपूर्वक असा ठेवला आहे की चित्रीकरण जतन करण्याची मागणी सर्वांत आधी यावी आणि न्याय, शिक्षा, भरपाई हे सारे त्यानंतर यावे.

१. तुमचा हक्क कोठून येतो ते आधी समजून घ्या

मुंबईतील वडाळा रेल्वे पोलिसांच्या कोठडीत २०१४ साली एका तरुणाचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी राज्यातील प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचे निर्देश दिले होते. पुढे २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजित सिंग या प्रकरणात संपूर्ण देशासाठी सविस्तर आदेश दिला. अर्जात ज्याचा उल्लेख करायचा तो आदेश हाच.

त्या आदेशानुसार ठाण्याची सर्व प्रवेशद्वारे व बाहेर पडण्याचे मार्ग, कोठड्या, मार्गिका, स्वागतकक्ष, व्हरांडे, निरीक्षक व उपनिरीक्षकांच्या खोल्या, ठाणे अंमलदाराची जागा, आवाराचा पुढचा व मागचा भाग आणि स्वच्छतागृहांच्या बाहेरची जागा, आत नव्हे, एवढ्या सर्व ठिकाणी कॅमेरे असले पाहिजेत. ते रात्री दिसणारे आणि आवाज टिपणारे असावेत. चित्रीकरण १८ महिने जतन व्हावे आणि तेवढ्या क्षमतेची यंत्रणा बाजारात मिळत नसेल तरी ते एक वर्षापेक्षा कमी काळ ठेवता येणार नाही, असे आदेशात म्हटले आहे. याशिवाय ठाण्याच्या दर्शनी भागात स्थानिक भाषेतही फलक लावावा, चित्रीकरण किमान सहा महिने जतन केले जाते आणि मानवी हक्कांचा भंग झाल्यास ते सुरक्षित ठेवून घेण्याचा पीडिताला हक्क आहे असे त्यावर लिहावे, हेही बंधनकारक आहे. तीस दिवसांत चित्रीकरण पुसले गेल्याचे उत्तर मिळाले तर ती तांत्रिक सबब नसून त्या आदेशाचे उल्लंघन आहे, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हते. तुम्हाला ते आजच माहीत असावे, एवढ्यासाठी हा परिच्छेद मी लांबवला आहे.

प्रत्यक्षात अनेक ठिकाणचे कॅमेरे बंद असतात किंवा साठवण अपुरी असते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये या विषयाची स्वतःहून पुन्हा दखल घेतली ती त्यामुळेच.

२. पहिल्या चोवीस तासांत शरीराची आणि आठवणीची नोंद करा

दुखापत झाली असेल तर सरकारी रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना मार कोणी व कोठे दिला ते स्पष्ट सांगून वैद्यकीय-न्यायिक नोंद, म्हणजे ज्याला सर्वजण एमएलसी म्हणतात ती, करायला लावा. ‘पडलो’ असे भीतीपोटी सांगू नका. माझ्या पुतण्याने तेच सांगितले होते, आणि पुढे प्रत्येक टप्प्यावर ते वाक्य त्याच्यासमोर ठेवण्यात आले. व्यक्ती अटकेत असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ५३ नुसार तिची वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे आणि त्या अहवालाची प्रत तिला किंवा तिने नेमलेल्या माणसाला मिळाली पाहिजे.

घरी आल्यावर, कोणाशी चर्चा करण्यापूर्वी, घडलेला प्रसंग वेळेनुसार लिहून काढा: कोठे अडवले, कोणत्या वाहनातून नेले, ठाण्यात कोणत्या दाराने आत नेले, कोणत्या खोलीत बसवले, भिंतीवर घड्याळ होते का, छताला कॅमेरा दिसला का, गणवेशावरील नावपट्टीवर काय होते. हे टिपण पुढे कॅमेऱ्याची जागा आणि वेळ सांगण्यासाठी लागते.

सोबत ठेवायची कागदपत्रे अशी:

- पीडित व्यक्तीचे ओळखपत्र. अर्ज दुसरा कोणी करत असेल तर पीडिताने सही केलेले अधिकारपत्र
- वैद्यकीय नोंदीची प्रत आणि जखमांची छायाचित्रे, तारखेसह
- वरील वेळेनुसार लिहिलेले टिपण
- त्या वेळचे फोन कॉल, ११२ क्रमांकावर केलेला कॉल, ई-चलन किंवा पेट्रोल पंपाची पावती, थोडक्यात तुम्ही कोठे होता हे दाखवणारे काहीही
- प्रत्येक अर्जाच्या तीन प्रती आणि कोर्ट फी स्टॅम्प

३. जतन करण्याचे पत्र द्या, तक्रार नव्हे

नवखी माणसे इथेच चुकतात. पहिल्याच पत्रात ती सगळा राग ओततात, शिक्षेची मागणी करतात, आणि चित्रीकरणाचा उल्लेख शेवटच्या ओळीत येतो किंवा येतच नाही. अशा अर्जावर चौकशी नेमली जाते, चौकशी अधिकारी जबाबासाठी बोलावतो, तारखा पडतात, आणि तोवर यंत्र आपले काम करत राहून जुन्यावर नवे चढवत जाते. पहिले पत्र एका पानाचे असावे आणि त्यात एकच मागणी असावी. आम्ही दुसऱ्या वेळी दिलेल्या पत्राचा मुख्य भाग असा होता:

“दिनांक अमुक रोजी रात्री १०.३० ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४.३० या कालावधीतील आपल्या पोलीस ठाण्याचे मुख्य प्रवेशद्वार, ठाणे अंमलदार कक्ष, मार्गिका, निरीक्षक कक्ष व कोठडीबाहेरील जागा येथील सर्व कॅमेऱ्यांचे चित्रीकरण, तसेच नाकाबंदीवरील अंमलदारांच्या अंगावरील कॅमेऱ्यांचे त्याच कालावधीतील चित्रीकरण, ध्वनीसह व कोणताही भाग न वगळता सुरक्षित जतन करावे. सर्वोच्च न्यायालयाच्या दि. २ डिसेंबर २०२० च्या आदेशानुसार ठाण्यातील कॅमेऱ्यांबाबतची मागणी करीत असून, ते जतन केल्याचे लेखी कळवावे.”

हे पत्र ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या नावे द्या, कारण त्या आदेशाने कॅमेऱ्यांची आणि चित्रीकरणाची जबाबदारी त्याच्यावर टाकली आहे. त्याच दिवशी त्याची प्रत पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा. जिल्हाधिकारी यात कोठून आले, असे अनेकजण विचारतात. आदेशानुसार प्रत्येक जिल्ह्यात एक देखरेख समिती असायला हवी, तिच्यात विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि महापौर किंवा जिल्हा परिषदेचे प्रमुख यांचा समावेश आहे, आणि न नोंदवले गेलेले मानवी हक्कांचे उल्लंघन शोधण्यासाठी चित्रीकरण तपासणे हे त्या समितीचे कामच आहे.

ठाण्यात पत्र घेतले नाही तर वाद घालू नका. त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा, अधीक्षक कार्यालयाच्या आवक विभागात प्रत देऊन त्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या, आणि अधिकृत ई-मेलवरही तेच पत्र धाडा. “ठेवून जा, साहेब आल्यावर बघतील” या शब्दांवर विसंबून मोकळ्या हाताने परतू नका. पोच मिळाली नाही तर ते पत्र दिलेच नाही असे समजा.

४. माहिती अधिकाराचा अर्ज त्याच आठवड्यात करा

जतनाच्या पत्रापाठोपाठ माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अर्ज करा. महाराष्ट्रात तो ‘जोडपत्र अ’ या नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून किंवा राज्य शासनाच्या ऑनलाइन संकेतस्थळावरून देता येतो. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि शक्यतो १५० शब्दांपर्यंतच मजकूर अपेक्षित आहे, त्यामुळे चित्रीकरणासाठी एक अर्ज आणि नोंदवह्यांसाठी दुसरा, असे दोन अर्ज करणे शहाणपणाचे. जन माहिती अधिकारी, म्हणजे अर्जाला उत्तर देणारा अधिकारी, कोण हे ठाण्यातील फलकावर लिहिलेले असते. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तरी तो कलम ६(३) नुसार पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे त्यांचे कर्तव्य आहे.

हा अर्ज इतक्या लवकर करण्याचे खरे कारण कलम २० मध्ये आहे. मागणी केलेली माहिती नष्ट केली तर जबाबदार अधिकाऱ्याला दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे अर्जाच्या तारखेनंतर चित्रीकरण पुसले गेले तर ते अनवधान म्हणून सोडून देता येत नाही. रक्कम मोठी नाही, पण ती अधिकाऱ्याच्या वैयक्तिक खिशातून जाते, आणि त्यामुळे फाइलकडे पाहण्याची दृष्टी बदलते, हे मी स्वतः अनुभवले आहे.

अर्जात “का मारले?”, “कोणाच्या आदेशावरून आणले?” असे प्रश्न विचारू नका. या कायद्याने अस्तित्वात असलेली नोंद मिळते, स्पष्टीकरण मिळत नाही. तसेच “त्या दिवसाचे सर्व चित्रीकरण” असे मागू नका. जागा आणि वेळ नेमकी सांगा. दुसऱ्या अर्जात ठाणे दैनंदिनीतील, म्हणजे स्टेशन डायरीतील, त्या रात्रीच्या नोंदी, नाकाबंदीवरील नेमणुकीचा आदेश आणि कॅमेरे वाटपाची नोंदवही यांच्या प्रती मागा.

नकार बहुतेक वेळा कलम ८(१)(ज) दाखवून येतो, म्हणजे माहिती दिल्यास तपासात अडथळा येईल असे सांगितले जाते. तपास चालू आहे एवढेच कारण पुरेसे नसते, अडथळा कसा येईल ते दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच स्पष्ट केले आहे. चित्रीकरणात इतर लोक दिसतात, या हरकतीवरचा उपाय कायद्यातच आहे: कलम १० नुसार देता येण्याजोगा भाग वेगळा करून द्यावा लागतो, त्यामुळे इतरांचे चेहरे पुसट करून दिले तरी चालतील किंवा प्रत शक्य नसल्यास समक्ष पाहू द्यावे, असे अर्जातच लिहून ठेवा.

उत्तराची मुदत ३० दिवस आहे. व्यक्ती अजूनही कोठडीत असेल आणि प्रश्न तिच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर ४८ तास. मात्र ती घरी परतल्यावर या तरतुदीचा आधार घेऊ नका, अर्ज तेवढ्यावरच कमकुवत होतो. पहिले अपील ३० दिवसांत, ‘जोडपत्र ब’ मध्ये, २० रुपयांच्या स्टॅम्पसह. दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे ९० दिवसांत.

५. “कॅमेरा बंद होता” हे उत्तर आले तर

इथे थांबू नका, कारण खरे तर इथून तुमची बाजू बळकट होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार कॅमेऱ्यात बिघाड झाल्यास प्रभारी अधिकाऱ्याने तो तत्काळ जिल्हा देखरेख समितीला कळवायचा असतो, आणि कॅमेरे बंद असलेल्या काळात त्या ठाण्यात ज्या अटका झाल्या व ज्यांची चौकशी झाली त्यांची माहितीही समितीला द्यायची असते. म्हणून लगेच तीन गोष्टी मागा: बिघाड कोणत्या तारखेला आणि किती वाजता कळवला त्या पत्राची प्रत, दुरुस्ती करणाऱ्या कंत्राटदाराचा भेट अहवाल, आणि त्या काळातील अटका व चौकशांची समितीला पाठवलेली यादी. खरोखर बिघाड झाला असेल तर हे कागद असतील. ते नसतील तर “बंद होता” या विधानाला आधार उरत नाही, आणि तेच लेखी उत्तर तुम्ही पुढच्या तक्रारीला जोडू शकता.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. शेजारच्या मुलाच्या प्रकरणात ठाण्यातील एका हवालदारांनीच आम्हाला यंत्र कोणत्या खोलीत आहे आणि किती दिवसांचे चित्रीकरण दिसते ते सांगितले. चित्रीकरण नीट राहावे असे वाटणारी माणसे ठाण्यातही असतात, कारण खोट्या आरोपातून त्यांची सुटकाही त्यानेच होते. पत्राची भाषा नेमकी आणि सभ्य ठेवली तर अशा माणसांना मदत करणे सोपे जाते.

६. अंगावरील कॅमेऱ्याची मागणी वेगळी मांडा

ठाण्याच्या छतावरील कॅमेरा अखंड चालतो, अंगावरील कॅमेरा सहसा तो लावणाऱ्याने बटण दाबल्यावर चालतो. हा फरक लक्षात न घेता केलेली मागणी “त्या वेळी चित्रीकरण सुरू नव्हते” या एका ओळीत संपते. म्हणून केवळ चित्रीकरण न मागता त्या पाळीत कोणता कॅमेरा कोणत्या अंमलदाराला दिला होता, तो किती वाजता परत जमा झाला, त्यातील चित्रीकरण संगणकावर कधी उतरवले आणि कॅमेरा कधी सुरू करावा याविषयी त्या घटकाला दिलेले परिपत्रक कोणते, हेही मागा. आधीचे आणि नंतरचे प्रसंग टिपलेले आहेत पण मधली नेमकी वीस मिनिटे नाहीत, असे नोंदीवरून दिसले तर ती पोकळी स्वतःच चौकशीचा विषय होते.

या कॅमेऱ्यांसाठी ठाण्यातील सीसीटीव्हीसारखा १८ महिन्यांचा आदेश लागू आहे असे अर्जात लिहू नका. तो आदेश ठाण्यांतील कॅमेऱ्यांविषयी आहे. चुकीचा आधार दिला की बाकीचा अर्जही संशयाने वाचला जातो. घरझडतीचा नियम मात्र स्वतंत्र आहे: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवणे बंधनकारक आहे. तुमच्या घरी झडती झाली असेल तर पंचनाम्यात चित्रीकरणाचा उल्लेख आहे का ते सही करण्यापूर्वी वाचा.

७. स्वतःचे आणि शेजारपाजारचे चित्रीकरण सांभाळा

पोलीस ठाण्यात मोबाइलवर चित्रीकरण केले म्हणून शासकीय गुपिते अधिनियमाखाली गुन्हा दाखल झालेल्या वर्ध्यातील प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्ये पोलीस ठाणे हे त्या कायद्यातील ‘निषिद्ध ठिकाण’ नाही असे ठरवले, आणि औरंगाबाद खंडपीठाने २०२४ मध्ये तीच भूमिका घेतली. गोवाही याच उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत असल्यामुळे तेथील वाचकांनाही हा आधार घेता येतो. मात्र याचा अर्थ अधिकाऱ्याच्या तोंडापुढे फोन धरावा किंवा वाट अडवावी असा नाही. कामात अडथळा आणल्याचा गुन्हा वेगळा आहे आणि तो फार सहज लावला जातो. ठाण्यात आलेल्या महिला किंवा बालकांचे चेहरे तर मुळीच प्रसिद्ध करू नका.

मूळ चित्रफीत ज्या फोनवर काढली त्या फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या प्रतीचा दर्जा घटतो आणि मूळ तपशील निघून जातो. न्यायालयात प्रत दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) नुसार प्रमाणपत्र लागते, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदलली नसल्याचे दाखवणारा अंक-अक्षरांचा सांकेतिक क्रमांक, लिहावे लागते. ते प्रमाणपत्र वकिलाकडून तयार करून घ्या. रस्त्यावरील दुकानदारांच्या कॅमेऱ्यांचे चित्रीकरण अनेकदा पंधरवड्यातच पुसले जाते, तेव्हा त्यांच्याकडे पहिल्या दोन-तीन दिवसांतच जा.

८. आता तक्रार कोठे करायची ते ठरवा

महाराष्ट्रात राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि विभागीय प्राधिकरणे आहेत. पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंग प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निर्देशांनंतर, २०१४ च्या कायद्याने ती महाराष्ट्र पोलीस अधिनियमात आली. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, कार्यपद्धती न पाळता केलेली अटक किंवा स्थानबद्धता, लाच, खंडणी अशा तक्रारी तेथे करता येतात. राज्य मानवी हक्क आयोगाकडेही जाता येते, पण घटनेपासून एक वर्षाच्या आत. आणि २०२० च्या आदेशाने आयोगांना ठाण्याचे चित्रीकरण मागवून घेण्याची वाट स्पष्ट करून दिली आहे, त्यामुळे आयोगाला द्यायच्या अर्जात पहिली मागणी तीच असावी. तुमच्यावर उलट गुन्हा दाखल झाला असेल तर त्या प्रकरणातील न्यायालयाकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली चित्रीकरण सादर करण्याचा आदेश मागता येतो, आणि हा मार्ग अनेकदा सर्वांत जलद ठरतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते.

९. चित्रीकरण पाहायला बोलावले तर

प्रत देण्याआधी किंवा प्रतीऐवजी समक्ष पाहण्यासाठी बोलावले जाऊ शकते. पीडित व्यक्तीला सोबत न्या, कारण पाठमोऱ्या माणसाला ओळखणारी तीच असते. आधी पडद्यावरची तारीख-वेळ आणि तुमच्या घड्याळातील वेळ यांची तुलना करून फरक लिहून घ्या; आम्ही पाहिलेल्या यंत्रात तो अकरा मिनिटांचा होता, आणि तो लक्षात आला नसता तर आम्ही चुकीचा भाग मागितला असता. प्रत्येक कॅमेऱ्याचा क्रमांक, दिसलेला प्रसंग आणि त्याची सुरुवात व शेवट वेळेसह कागदावर उतरवा. चित्र कोठे तुटते, आवाज कोठे बंद आहे, कोणता कॅमेरा दाखवलाच नाही, हेही त्यात लिहा. उठण्यापूर्वी त्या टिपणाची एक प्रत अधिकाऱ्याला द्या आणि दुसरीवर सही मागा. सही दिली नाही तर ‘सही देण्यास नकार’ एवढे लिहून तारीख घाला आणि तेच टिपण त्याच दिवशी स्पीड पोस्टने त्या कार्यालयाला पाठवा.